पारायणासाठी घोंगडीची बैठक आणि पाठपट्टा : शिवणाच्या नोंदी

८ जानेवारी

माण तालुक्यातल्या आमच्या गावी माघात हरिनाम सप्ताह असतो. यंदा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ज्ञानेश्वरीच्या पारायणाला वाचक म्हणून नाव दिलंय. मागच्या सप्ताहांत त्या मंडपात कडेला खुर्चीवर बसून ऐकायच्या. खुर्चीला कुणाची ना नसते. पण वाचकांच्या रांगेत मांडी घालून, समोर ग्रंथ ठेवून सगळ्यांच्या सुरात वाचायचं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस. सकाळची बैठक चांगली तीन-साडेतीन तासांची होते.

आईंचे गुडघे दुमडतात, त्यांची तक्रार नाही. अडचण पाठीची आहे. मांडी घातली की थोड्याच वेळात पाठ गोल होते, मान पुढे येते आणि मानेपासून खांद्यापर्यंत सगळं भरून येतं. मी रोज ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. तेव्हा त्यांच्या मापाचं काहीतरी घरीच शिवायचं ठरवलं. नोंदी ठेवतेय, कारण गावातल्या आणखी कुणाला लागलं तर मापं हाताशी हवीत.

९ जानेवारी

टेप हातात घ्यायच्या आधी आज नुसतं बघितलं. आईंना फरशीवर सतरंजी टाकून बसवलं आणि बाजूने पाहिलं. जाड दोऱ्याला कोटाचं जड बटण बांधून ओळंबा केला आणि दोरा कानाजवळ धरला. नीट बसलेल्या माणसाचा दोरा कान, खांदा आणि खुबा यांच्याजवळून सरळ खाली यायला हवा. आईंचा दोरा खांद्याच्या चार बोटं पुढून गेला आणि खाली मांडीवर टेकला.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. मांडी घातल्यावर त्यांचे गुडघे खुब्यापेक्षा वर राहतात. खुबे आणि मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असल्या की असं होतं. गुडघे वर राहिले की कमरेचं हाडांचं कडं, डॉक्टर ज्याला पेल्विस म्हणतात, ते मागे कलंडतं. पुस्तकांच्या चळतीत तळाचं पुस्तक कललं की वरची सगळी ढळतात, तसंच पाठीचं होतं. कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, वरची पाठ गोल होते आणि नजर समोर ठेवायची म्हणून मान पुढे काढावी लागते. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. तेवढं वजन पुढे लोंबत राहिलं तर मानेचे आणि खांद्याचे स्नायू दुखणारच.

आईंच्या खाली दोन चादरी घडी करून सरकवल्या. गुडघे खाली गेले आणि मी काही न सांगता त्यांची पाठ वर आली. मला वाटतं कामाची सुरुवात इथूनच आहे.

११ जानेवारी

फिजिओथेरपिस्ट मॅडमना आईंना दाखवून आणलं. त्यांनी पाठ, खुबे, गुडघे तपासले आणि मांडी घालायला हरकत नाही असं सांगितलं. पट्ट्याचा विषय काढल्यावर म्हणाल्या, आधी बैठक उंच करा, मग पट्टा. पट्टा पाठ ओढून ताठ करणारा नको, पाठीला टेकायला जागा देणारा हवा. अर्ध्या तासाने सोडून पाय लांब करायचे. पायाला मुंग्या आल्या तर लगेच सोडायचा. कमरेतून पायात कळ उतरू लागली तर तो वापरायचाच नाही. ज्यांचा गुडघा बदललाय किंवा हाडं ठिसूळ झालीत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करू नये, हेही त्यांनी बजावून सांगितलं. ते इथे ठळक लिहून ठेवते, कारण माझ्याकडे मापं मागायला येणाऱ्या बायकांतही गुडघे बदललेल्या असतील.

खांदे मागे ओढणारा, दोन्ही बगलांतून जाणारा आठाच्या आकड्याचा पट्टा शिवावा, असं आधी मनात होतं. तो रद्द. जमिनीवर बसलेल्या माणसाची पाठ कमरेपासून कलंडते. खांदे मागे बांधले तरी तळ तिरकाच राहणार, शिवाय बगलेत काचणार ते वेगळंच. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला त्याचा काही उपयोग असेलही. मांडी घातलेल्या माणसाला कमरेमागे आधार हवा.

१५ जानेवारी

संक्रांतीची आणि वाणाची गडबड. अडीच मीटर मांजरपाट आणून रात्रभर पाण्यात भिजवला, तेवढंच झालं. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो. तसाच शिवला तर खोळ पुढे आखूड होते आणि आतली बैठक कोंबून बसवावी लागते.

१८ जानेवारी

बैठकीसाठी भरायचं काय, यावर बराच विचार झाला. कापसाची गादी पहिल्या दिवशी छान लागते, पण तास-दोन तासांच्या वजनाने दबते आणि उंची निघून जाते. मऊ फोमचं तसंच. माणूस त्यात रुततो आणि खुबे पुन्हा खाली जातात. बैठक कठीण हवी, पण हाडांना टोचायला नको.

उत्तर घरातच निघालं. माळ्यावर मामंजींची जुनी काळी घोंगडी होती. आमच्याकडच्या मेंढ्यांच्या लोकरीची, सणगरांच्या मागावर विणलेली. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे कडक असते. ही वापरून वापरून मऊ झालीय, पण विणीत दम आहे. घडी केली की दबत नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी आसनं शिकवताना घडीची ब्लँकेटं, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा जो वापर रूढ केला, त्यातही घडीचं ब्लँकेट याच कामाला येतं. खाली घातलं की खुबे वर येतात आणि पाठ आपोआप उभी राहते.

घडी घालण्यात मात्र कसब आहे. कडेला कड जुळवून घातलेली घडी पुढच्या बाजूला मांडीच्या खाली धारेसारखी लागते. म्हणून पायरी पायरीने घातली : मागचा भाग चार इंच, पुढे येत येत दीड इंच. आईंनी उंच भागाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर बसायचं, म्हणजे खुबे वर राहतात आणि मांड्या उताराने खाली जातात. तीन इंचांवर गुडघे खुब्याच्या रेषेत आले, चार इंचांवर दोन बोटं खाली गेले. पाच इंचांवर त्यांना पुढे घसरल्यासारखं वाटलं. चार इंच नक्की केले.

घोंगडी हलू नये म्हणून घडीच्या थरांतून दाभणाने सुतळीचे सहा टाके घातले, चार कोपऱ्यांत आणि दोन मध्ये. नुसते टाके, ओढून गच्च नाहीत. सप्ताहानंतर सुतळी कापली की घोंगडी पुन्हा पांघरायला मोकळी.

२० जानेवारी

बैठकीची खोळ शिवून झाली. तयार माप १८ बाय १४ इंच, चारी बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड. मागची बाजू उंच आणि पुढची बुटकी असल्यामुळे बाजूच्या पट्ट्या तिरप्या कापल्या, मागे चार आणि पुढे दीड इंच. मागे उशीच्या अभ्र्याच्या पद्धतीने एकावर एक येणारी तोंडं ठेवली. चेन लावली नाही, बसताना ती टोचते. घोंगडी वरचेवर धुता येत नाही, खोळ मात्र रोज धुता येईल. आत कडुनिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत बांधून ठेवला.

२१ जानेवारी

आता पट्टा. कल्पना जुनीच आहे. हंपीची नृसिंहाची मूर्ती ज्यांनी पाहिलीय, त्यांना तिच्या गुडघ्यांभोवतीचा दगडी पट्टा आठवेल. एकाच शिळेतली, ६.७ मीटर उंचीची ती मूर्ती कृष्णदेवरायाच्या काळातली, १५२८ सालची. बसलेल्या देवाच्या गुडघ्यांना आधार देणारा तो योगपट्ट.

माझा पट्टा कमरेमागून निघून दोन्ही गुडघ्यांच्या पुढून फिरतो. मांडी घातली की गुडघे बाहेर आणि खाली जायला बघतात. त्यांच्या त्या ओढीने पट्टा ताणला जातो आणि मागे कमरेला हलका पुढचा रेटा देतो. भिंत लागत नाही, खांब लागत नाही, माणूस स्वतःच्याच वजनावर टेकलेला असतो. मंडपात रांगेच्या मधोमध बसणाऱ्याला याहून सोयीचं काही मला सुचत नाही.

बैठकीवर बसवूनच माप घेतलं. जमिनीवर घेतलेलं माप इथे चालत नाही, कारण बैठक उंच झाली की गुडघ्यांची जागा बदलते. माकडहाडाच्या चार बोटं वरून निघून गुडघ्यांपुढून पूर्ण फेरा ६८ इंच भरला. कडीसाठी दुमड ३ इंच आणि ओढायचं शेपूट १४ इंच. एकूण ८५ इंच.

आणलेलं सामान : खाटेची सुती नवार दोन इंच रुंदीची, सव्वादोन मीटर. स्टीलच्या डी आकाराच्या कड्या, एक जोडी. जाड पॉलिस्टर दोरा. इलॅस्टिक मुद्दाम घेतलं नाही. इलॅस्टिक ताणत राहतं, माणूस त्याच्यावर रेलत रेलत मागे जातो आणि पाठ परत गोल होते. वेल्क्रोही नको. पारायणाच्या शांततेत तो सोडताना होणारा आवाज आईंना आवडणार नाही, आणि सुती पातळाचे धागे त्यात अडकतात.

२४ जानेवारी

पाठगादी. ही पट्ट्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, म्हणून तिला पूर्ण दिवस दिला.

नुसती दोन इंची नवार कमरेत रुतते, तिच्यावर पाच इंच उंच आणि १८ इंच लांब गादी हवी. ती आईंच्याच विरलेल्या नऊवारीची केली. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घाम टिपतं आणि कातडीला लागत नाही. आमच्या भागात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात त्याच रीतीने : सहा बाय एकोणीस इंचांचे दहा थर एकावर एक ठेवले, सगळ्यांचा उभा धागा गादीच्या लांबीत. हे पाळायला हवं. कापड उभ्या धाग्यात सगळ्यात कमी ताणतं, आडव्यात थोडं जास्त, तिरक्यात सर्वांत जास्त. एखादा थर तिरका गेला तर गादी वापरात पिळते.

थर हलू नयेत म्हणून आधी हाताने मधोमध फुली घालून कच्चे टाके घातले. मग कडेने सुरू करून आत आत येत धावदोरा, ओळीत अर्धा इंच अंतर. वाकळीचा धावदोरा बाहेरून आत येतो. मधून बाहेर गेलं तर फुगा कडेला येऊन बसतो असं माझी आजी सांगायची, आणि खरंच आहे ते. सुई उभी खुपसून बोटांनी थर मागे सरकवत एका दमात चार-पाच टाके घ्यायचे. दुपारी आई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी दुसऱ्या बाजूने सुई धरली. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे.

संध्याकाळी गादी दाबून बघितली : बोट रुतत नाही, पण वाकवली की कमरेच्या गोलाईत बसते. कडांची माया आत दुमडून तुरपाई केली.

२५ जानेवारी

आज मशीनचं काम. नवार मध्ये कुठेही कापली नाही. एकच अखंड तुकडा गादीच्या मागून गेलाय आणि गादी तिच्यावर बसवलीय. त्यामुळे सगळा ताण नवारीवर येतो, कापडावर नाही. नवार आणि दहा थर म्हणजे मशीनला जड जातं. १८ नंबरची सुई लावली, टाका मोठा ठेवला, टीप मारताना मोटार बंद ठेवून चाक हाताने फिरवलं. नवारीच्या दोन्ही कडांनी दोन टिपा, आणि गादीच्या दोन्ही टोकांशी चौकोन मारून त्यात फुली. ओझं वाहणाऱ्या शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यांना असाच चौकोन असतो.

कड्यांच्या टोकाला नवार तीन इंच दुमडून पुन्हा चौकोन-फुली. शेपटाचं टोक दोनदा दुमडून शिवलं, म्हणजे धागे सुटत नाहीत आणि कडीतून ओवताना पकडायला जाड टोक मिळतं. दोन कड्यांतून शेपूट वर न्यायचं आणि परतून एकाच कडीतून खाली ओढायचं. एका कडीवर दुसरी दाबली जाते आणि नवार सरकत नाही. वरची कडी बोटाने उचलली की सुटतो. आईंचा डावा अंगठा आखडतो, म्हणून कड्या उजव्या बाजूला, कमरेपासून वीतभर पुढे येतील अशा ठेवल्या. ग्रंथाचं पान उलटायच्या हातालाच त्या लागतात.

२८ जानेवारी

पहिली बैठक. ओळंबा धरला : दोरा कानावरून खांद्याच्या टोकाला लागून खाली खुब्याजवळ आला. मी बराच वेळ तो दोरा धरून उभी होते, इतकं बरं वाटलं.

वीसेक मिनिटांनी आई म्हणाल्या, "अगं, उजव्या पावलाच्या वरच्या अंगाला मुंग्या येताहेत." लगेच सोडला. मॅडमना फोन केला. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, त्याला वळसा घालून पायाची एक नस अगदी कातडीजवळून जाते. तिथे नवारीची कड दाबली गेली की मुंग्या येतात. तो दाब तसाच फार वेळ राहिला तर पाऊल उचलायला त्रास होऊ शकतो. पट्टा त्या टेंगळावर येऊ द्यायचा नाही, वाटीच्या लगेच खाली, नडगीच्या पुढच्या अंगाला ठेवायचा, आणि ताण कमी करायचा.

२९ जानेवारी

गुडघ्यांसाठी दोन सरकत्या गाद्या शिवल्या. त्याच नऊवारीचे सहा थर, चार इंच रुंद आणि नऊ इंच लांब, मागे नवारीसाठी दोन रुंद लूप. नवार त्यातून ओवलेली, म्हणून गादी हवी तिथे सरकवता येते. दाब चार इंचांत पसरतो आणि नसेच्या जागी कड येत नाही.

ताणाचं मापही ठरवलं. पट्टा लावून आईंनी नीट बसायचं आणि कमर आणि गादी यांच्यामध्ये उभा तळहात सहज आत-बाहेर झाला पाहिजे. त्याहून घट्ट ओढायचं नाही. पाठ ढिली पडली तरच गादी कमरेला लागते आणि आठवण देते. नीट बसलेल्या पाठीला ती जेमतेम शिवते. आज मुंग्या नाहीत.

२ फेब्रुवारी

पट्टा, बैठक सगळं जमलं, आणि तरी मान दुखतेच. आज कारण सापडलं. ग्रंथ ठेवायचं लाकडी घडीचं स्टँड जमिनीवर असतं आणि बैठक आता चार इंचांनी उंच झालीय. आई तेवढ्याच जास्त वाकून वाचतात.

स्टँडच्या खाली ठेवायला लाकडी पाट घेतला आणि त्याला मांजरपाटाची खोळ शिवली, वर ग्रंथ जाणार म्हणून स्वच्छ धुतलेली, कडेला लाल काठ लावून. पाटाखाली दुसरा पाट. आता ग्रंथ साधारण छातीच्या खालच्या टोकाशी येतो आणि वाचताना नजरच खाली जाते, मान फार वाकत नाही. घरातल्या ज्येष्ठ माणसाची मान दुखत असेल तर त्यांच्या पाठीआधी त्यांच्या पुस्तकाची उंची बघा, असं मी सगळ्यांना सांगणार आहे.

६ फेब्रुवारी

घरी तालीम. रोज एक अध्याय, मोठ्याने. ओवीला साडेतीन चरण. वाकून बसलेल्या आईंना शेवटच्या अर्ध्या चरणाआधी श्वास घ्यावा लागायचा, तिथे सूर तुटायचा. आज पूर्ण ओवी एका श्वासात गेली आणि पुढची उचलायला दम उरला. पोट दबलेलं नसलं की श्वास खालपर्यंत जातो. मापाच्या टेपने मोजता न येणारी ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

अर्ध्या तासाचा मोबाइलचा गजर मंडपात चालणार नाही. म्हणून ग्रंथातच साधारण तेवढ्या ओव्यांनंतर येणाऱ्या पानांत रेशमी धागे ठेवले. धागा आला की कडी उचलायची आणि पाय बाजूने लांब करायचे.

१८ फेब्रुवारी

काल्याचं कीर्तन होऊन सप्ताह पार पडला. आई सातही दिवस रांगेत बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी पाय जड वाटले म्हणून हरिपाठाला पट्टा लावला नाही, नुसत्या बैठकीवर बसल्या आणि तेही चाललं. शेवटच्या दोन दिवसांत पट्टा फक्त वाचनाच्या उत्तरार्धात लागला. घरच्या सरावाने पाठीचे स्नायू जरा तयार झाले असावेत. पट्ट्याची गरज कमी होत जावी, हेच मला हवंय, म्हणून तो रोजच्या बसण्याला द्यायचा नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं. बैठक मात्र रोज.

पट्टा धुतला. कड्या स्टीलच्या असल्याने गंज नाही. चौकोन-फुल्या जशाच्या तशा आहेत. नवार धुतल्यावर दीड इंच आटली, शेपटात पुरेशी लांबी होती म्हणून अडलं नाही. पुढच्या वेळी मांजरपाटाबरोबर नवारही आधी भिजवायची.

२० फेब्रुवारी

गावातल्या एका काकूंनी आणि त्यांच्या जावेने पट्टा मागितलाय. काकूंची मापं बैठकीवर बसवून घेतली : फेरा ७४ इंच, म्हणजे नवार ९१ अधिक आटीचे २, सरळ अडीच मीटर आणायची. पाठगादी २० बाय ५. त्या उंच आहेत, बैठक साडेतीन इंचांनीच गुडघे खाली येतात. घोंगडी त्यांच्या घरची, त्या पाठवणार आहेत. जावेचा गुडघा बदललेला आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी पट्टा नाही. त्यांच्या खुर्चीला कमरेच्या उंचीवर बांधायचा गोल लोड शिवेन, १४ इंच लांब आणि चार इंच जाड, मागे नाडीचे बंद. तो आधी मॅडमना दाखवून मगच द्यायचा.